चंद्राला सोनं चालत नाही

अंगठी शगुफ्ताच्या बोटात शिरली त्याच क्षणी सादिकभाईंना कळून चुकलं, की ही आता निघायची नाही.

बाकी कुणाच्या ते ध्यानीमनी नव्हतं. बायका ‘माशाअल्लाह’ म्हणत होत्या, जाहिदच्या तोंडात कुणीतरी आणखी एक पेढा कोंबत होतं, आणि त्याच्या दादीनं, अख्तरीबींनी, होणाऱ्या नातसुनेच्या बोटात अंगठी घालता घालता सांध्यापाशी जरासा जोर लावला होता, इतकंच. शगुफ्तानं खालचा ओठ दाताखाली धरला, अंगठी पलीकडे गेली, फोटो निघाले. पण ज्याचा जन्म बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात गेला त्याला सांध्यावरची कातडी कशी गोळा झाली आणि अंगठीमागे कशी परत पसरली, हे लांबूनही दिसतं. सादिकभाई मनियार होते, त्यांचे वडील हबीबभाई मनियार होते, आणि मनियाराच्या घरात चूक झाली होती. तीसुद्धा मापाची.

चूक कुणाची, हे फक्त सादिकभाईंना ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी गडचिरोलीहून अख्तरीबींचा फोन आला होता. घरातली जुनी अंगठी आहे, माझ्या सासूनं मला घातलेली, ती सोनाराकडून पोरीच्या मापाची करून घेते. तेवढं माप पाठवा. त्यांच्या बायकोनं, तबस्सुमनं, सरळ उपाय सांगितला होता, “शगुफ्ताले फोन लावा. बोटाले दोरा गुंडाळंन अन् सांगंन.” त्यावर सादिकभाईंचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांना स्वतःच्याच घराचा पत्ता विचारला. मनियारानं पोरीच्या हाताचं माप फोनवर विचारायचं? मग गोलबाजारातल्या दुकानाला कुलूप लावून किल्ली इरई नदीत फेकून द्यावी. त्यांनी तांब्याची तार घेतली, डोळे मिटले, पोरीचा हात आठवला, छल्ला वळला आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती गडचिरोलीला पाठवून दिला. त्या दिवशी त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आज ते पाणी वाढायच्या निमित्तानं मांडवाच्या पार टोकाला जाऊन उभे होते.

जेवणं उरकली तशी शगुफ्ता त्यांना शोधत तिथे आली.

“अब्बा, ही निघून नाई राह्यली.”

“काढाची काऊन? आताच त घातली.”

“उद्या माह्यं विमान हाय. परवा लॅब. अंदर सोनं चालत नाई, तुम्हाले ठाऊक हाय ना.”

ते ठाऊक नाही असं चंद्रपूरच्या परकोटाच्या आत कुणी उरलं नव्हतं. शगुफ्ता चंद्रावरच्या दगडांची डॉक्टर. भूरसायनशास्त्रज्ञ हा शब्द तबस्सुमला अजून एका दमात म्हणता येत नव्हता, म्हणून घरानं ‘चंद्राची डॉक्टर’ एवढ्यावर भागवलं होतं. माजरीच्या कोळशात कोणता धातू किती, हे मोजण्यापासून पोरीनं सुरुवात केली. मग नागपूर, मग अहमदाबाद, मधे दोन वर्षं परदेश, पुन्हा अहमदाबाद. मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी, की ती तिकडे जाऊन येऊन असते. उरलेले निम्मे दर ईदच्या आदल्या दिवशी दुकानाच्या पायरीशी येत आणि विचारत, “सादिकभाई, पोट्टीचा फोन आला का? चांद दिसला म्हणते का?”

जिथे ती काम करायची त्या खोलीत हवासुद्धा गाळून आत सोडत. पांढरा झगा, टोपी, हातावर दोन-दोन मोजे. बांगड्या नाहीत, नथनी नाही, सुरमा नाही, मेहंदी नाही. गेली दहा वर्षं मनियाराच्या पोरीचे हात भुंडे होते, आणि त्याची सवय सगळ्यांना झाली होती, फक्त आईला सोडून. अंगठीचा विचार मात्र कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. शगुफ्तानं मनाशी ठरवलं होतं, अहमदाबादला खोलीवर पोचलं की काढून डबीत ठेवायची आणि कुणाला काही बोलायचं नाही. चांगला बेत होता. त्यासाठी अंगठी निघायला हवी होती.

“साबण लावला?” सादिकभाईंनी हळूच विचारलं.

“लावला.”

“साबण कायले लावला वं?” मागून अख्तरीबींचा आवाज आला.

अख्तरीबी ठेंगण्या होत्या, पण त्यांचा आवाज उंच होता. नवरा गेल्यावर गडचिरोलीचं शिलाईचं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं, साहेबांच्या वर्द्या शिवल्या, आणि साहेबांनाही ‘हात वर करा, श्वास धरा’ असं दरडावण्याची त्यांना सवय लागली. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, शगुफ्ताचा डावा हात त्यांनी उचलला आणि बोटावरचा फेस पाहिला.

“मंगनीची अंगठी निकाहाच्या दिवसापावतर बोटातून निघत नाई. आमच्या घरची रीत हाय. माह्यी नाई निघाली, जाहिदच्या अम्मीची नाई निघाली.”

“दादी, माह्या कामाचा नियम हाय...”

“मोज्याच्या अंदर ठेव. कोणाले दिसते?”

“मोजा घालताना बोटं अंगठीले लागतात, मंग तेच बोटं मोज्याले, मोजा कुपीले. सारी मेहनत वाया.”

एव्हाना तबस्सुम येऊन पोचली होती आणि आल्या आल्या तिनं पक्ष निवडला. “बरोबर बोलून राह्यल्या अम्माजी. दहा वर्षं हे भुंडे हात पाहून माह्ये डोळे दुखले. मनियाराची पोट्टी अन् हातात एक बांगडी नाई. लोक विचारतात, दुकानात माल नाई का म्हून. एक अंगठी त राहू दे.”

मग जाहिद आला. जाहिद भामरागडला जनावरांचा डॉक्टर होता. पावसाळ्यात नद्या चढून रस्ता बंद पडला, की तो तिकडे अडकायचा आणि शगुफ्ता तिच्या गाळलेल्या हवेत. दोघांनाही महिना महिना कुणी भेटू शकत नाही, एवढ्या एका साम्यावर त्यांचं जमलं होतं. तो म्हणाला, “दादी, मी नाई का गोठ्यात जाताना घड्याळ काढत?”

“घड्याळ मंगनीचं होतं का?”

जाहिदनं मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सरकवलं. भामरागडच्या मारक्या बैलांपुढे तो उभा राही, दादीपुढे त्याचं चालत नसे.

“सहा महिन्यांची त गोठ हाय,” अख्तरीबी आता समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “निकाह झाला का जा, मी स्वतः गाडीत बसवून देतो. दगड कुठी पळून जाते का? इतके वर्षं पडून राह्यला, सहा महिने अजून राहीन.”

“दगड राहीन, दादी. पाळी नाई राहत. तीन वर्षं अर्ज करून राह्यली, तवा चिमूटभर भेटलं. परवा माह्या नंबरावर मी नाई गेली, त ते दुसऱ्याले देतीन. मंग मी परत रांगेत. कदाचित नाईच भेटणार.”

“मंग सोडून दे नोकरी. जाहिद कमावते.”

तबस्सुमनं हातातलं पानदान फटकन बंद केलं.

“काय म्हणल्या, अम्माजी?”

“म्हणलं, सोडून दे.”

“सोडाले नाई शिकवलं आम्ही तिले. अन् हात भुंडे राह्यले त राहू द्या, माह्या पोटी जन्मली ते, तुम्हाले काऊन तरास?” पाच मिनिटांपूर्वी याच हातांनी तिचे डोळे दुखत होते, याची आठवण करून देण्याची सादिकभाईंची छाती नव्हती. तबस्सुम उठली आणि सरळ शगुफ्ताच्या बाजूला जाऊन बसली. जाहिद आधीच तिथे होता. अख्तरीबींनी आजूबाजूला पाहिलं, तर त्यांच्या बाजूला फक्त शेजारच्या इंदुताई, आणि त्याही खुर्ची रिकामी होती म्हणून बसलेल्या.

इंदुताईंनीच अखेर सगळ्यांना भानावर आणलं. त्या म्हणाल्या, “काढाची का नाई काढाची ते मागून ठरवा जी. पयले निघते का ते त पाहा.”

निघत नव्हती. न निघणाऱ्या अंगठीवरून, ती काढावी की काढू नये म्हणून दोन घराणी इतका वेळ भांडली होती. आता सगळे बोटामागे लागले. इंदुताईंनी खोबरेल आणलं. तबस्सुमनं बर्फ आणला. मग कुणीतरी दोरा गुंडाळायची युक्ती मोबाईलवर दाखवली, तीही झाली. प्रत्येक उपाय फसला, की अख्तरीबींचा चेहरा हळूच उजळे, आणि तो उजळला की तबस्सुम आणखी जोरानं बोट ओढी. या दोघींच्या मधे ते बोट बिचारं लहानशा वांग्याएवढं झालं.

एवढ्यात शगुफ्ताचा धाकटा भाऊ सरफराज मोटरसायकलवरून उतरला. माजरीला खाणीच्या डंपरांच्या वर्कशॉपमध्ये तो कामाला होता आणि कोणत्याही अडचणीकडे तो डंपर समजूनच बघायचा. त्याच्या पिशवीत ग्रायंडर होता.

“सरका. दोन सेकंदाचं काम हाय.”

“हात लावून पाह्य,” अख्तरीबी आणि तबस्सुम एकदमच म्हणाल्या. तबस्सुमनं बाजू बदलल्यापासून दोघींचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

जाहिदनं मात्र कुणाचंच ऐकलं नाही. त्यानं शगुफ्ताचं बोट उजेडात धरलं, नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. त्यानं पुन्हा दाबून पाहिलं. मग तो दादीकडे न बघता बोलला, आणि भामरागडच्या गोठ्यात तो ज्या आवाजात बोलत असेल तो आवाज घरच्यांनी पहिल्यांदा ऐकला.

“हे आता कापावं लागंन. घंटाभरात. नाई त बोट जाईन.”

शगुफ्ता बोटाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते सादिकभाईंना दिसलं. पोरगी बोटाला घाबरली नव्हती. परवाच्या दिवसाला घाबरली होती.

“दवाखान्यात नेऊ,” इंदुताई म्हणाल्या. “तिथी कापाचं मशीन राहते.”

“परक्याच्या हातानं?” अख्तरीबींचा आवाज एकदम बारीक झाला. त्या खुर्चीत बसल्या. “मंगनीच्या दिवशी मंगनीची अंगठी तुटली, त त्या रिश्त्याचं काय होते ठाऊक हाय का कोणाले? माह्या सासनं मरताना सांगतलं होतं, ही सांभाळ म्हून.” त्या रडत होत्या. मघापर्यंत ज्या बाईचा राग येत होता तिची आता सगळ्यांनाच कणव आली; तबस्सुम तर उठून परत त्यांच्या बाजूला जायच्या बेतात होती.

मग त्यांनी ओढणीनं नाक पुसलं आणि विचारलं, “पण इतकी तंग झालीच कशी? सोनाराले मी छल्ला देल्ता तुमचा. बरोबर त्याच मापाची केली त्यानं. माप देल्तं कोणी?”

पाणी वाढायला आता कुणी उरलं नव्हतं. सादिकभाईंनी हातातला जग खाली ठेवला.

“मी.”

“मोजून?”

“आठवून.”

तबस्सुमनं कपाळावर हात मारला. सरफराज आभाळाकडे बघू लागला. अख्तरीबींनी सादिकभाईंकडे पाहिलं. टेप लावल्याशिवाय ज्यांनी उभ्या आयुष्यात कापडाला कात्री लावली नाही त्या बाईपुढे, डोळे मिटून तार वळणारा माणूस उभा होता. त्या उठून निघून जातील असं सगळ्यांना वाटलं. त्या म्हणाल्या,

“तुमचे अब्बा गडचिरोलीले सायकलवर पेट्या बांधून येत. आठवते का?”

“हव जी. मी मागं बसत जाओ.”

“माह्या निकाहाच्या सकाळी चुडा भराले हबीबभाईच आले होते. भरता भरता फाटकन बांगडी फुटली. दुसरी घेतली, तेही फुटली. माह्यी सास उठून उभी झाली. म्हणे, हे पोट्टी अपशकुनी हाय, बारात वापस. तवा हबीबभाई काय बोलले?”

सादिकभाईंना ते ठाऊक होतं. दुकानाचा धर्मच तो. वडिलांनी धंदा शिकवताना बांगडीच्या आधी तो शिकवला होता. ते हळू आवाजात म्हणाले, “भरताना फुटली ते मनियाराची. लेणारीच्या नावावर जात नाई. नुकसान मनियाराचं, अपशकुन बी मनियाराचा.”

“माह्यी सास खाली बसली. अन् हेच अंगठी तिनं माह्या बोटात राहू देली.” अख्तरीबींनी शगुफ्ताकडे पाहिलं, मग जाहिदकडे. “अंगठी मी सरकवली, पण माप मनियाराचं. नीट बसली कुठी अजून? म्हणजे भरणं चालूच हाय. बसा समोर, सादिकभाई. तुमच्या हातानं तुटू द्या.”

“ही बाई वकील पाहिजे होती,” तबस्सुम इंदुताईंच्या कानात म्हणाली. तिचेही डोळे ओले झाले होते.

सादिकभाई पोरीसमोर मांडी घालून बसले. अख्तरीबींनी शगुफ्ताच्या खांद्याशी खुर्ची ओढून घेतली. ग्रायंडर कुणी लावू देणार नव्हतं, तेव्हा सरफराजनं पिशवीतून लोखंड कापायच्या हेक्सा ब्लेडचा तुकडा काढला आणि फट मोजायच्या फिलर गेजमधली सगळ्यात पातळ पत्री अंगठीखाली सरकवून दिली, म्हणजे कातडीला धार लागायला नको. सादिकभाईंनी डाव्या हातात पोरीचा पंजा धरला. बांगडी भरताना धरतात तसाच, अंगठा तळव्यात रोवून. उजव्या हातानं ब्लेड हळूहळू पुढेमागे होऊ लागलं.

“पोरी, तिकडं पाहू नको. माह्याकडं पाह्य,” अख्तरीबी म्हणाल्या. “सांग, काय हाय त्या दगडात?”

“यावेळी दगड नाई, दादी. काच हाय.”

ब्लेड थांबलं. “काच?” सादिकभाईंनी मान वर केली.

“चंद्रावरच्या मातीत मणी भेटतात काचेचे. मोहरीहून बारीक. हिरवे.”

“कसले हिरवे? बाटली का पोपटी?”

“अब्बा, कापा.”

“कापूनच राह्यलो. तू सांग.”

“फिकट. थोडे पिवळ्यावर.”

“म्हणजे मेहंदी रंग.” असला माल आपल्याकडे कोणत्या फळीवर आहे, हेही त्यांनी मनातल्या मनात पाहून घेतलं. “भट्टी कोणाची?”

“ज्वालामुखीची. चंद्राच्या पोटातून रस वर उसळला, कारंज्यावानी उडाला, अन् थेंब खाली पडता पडता गोठले. तीनशे कोटी वर्षांच्या वर झाले.”

“फिरोजाबादच्या बांगड्यांच्या पयले.”

“थोडंसं पयले,” शगुफ्ता म्हणाली. अंगठी बोटात रुतल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

“अन् त्या काचेत तू पाहतं काय?” अख्तरीबींनी विचारलं.

“सोनं किती हाय ते.”

“किती हाय?”

“नसल्यातच जमा.”

“नसलेलं सोनं मोजाले इतकं शिकली?”

“तेच त मोजाचं हाय. चंद्र बनला तवा त्याच्या पोटात काय राह्यलं अन् काय नाई राह्यलं, हे त्यावरूनच कळते. दादी, या अंगठीत जेवढं सोनं हाय ना, तेवढं काढाचं म्हटलं त चंद्रावरची एक टेकडी दळावी लागंन. हिचा एक कण माह्या मण्यात पडला, त मी साऱ्या जगाले सांगीन, चंद्रावर सोन्याची खाण हाय म्हून. अन् सारं जग माह्यावर हासंन.”

अख्तरीबींनी यावर बराच विचार केला. “म्हणजे चंद्रावरच्या टेकडीत नाई तेवढं सोनं आमच्या अंगठीत हाय.”

“हव, दादी.”

“तबस्सुम, ऐकलं का?” अख्तरीबी म्हणाल्या. तुटत असलेल्या अंगठीचा एवढा मान आजवर कुणी केला नव्हता. त्या खुर्चीत जरा ताठ बसल्या.

“पण हे खूळ तुह्या डोक्यात आलं कुठून?” ब्लेडवरची नजर न काढता सादिकभाई म्हणाले. हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. पोरगी शिकते आहे, शिकू द्या, एवढंच त्यांनी धरलं होतं.

“तुम्हीच घातलं. लाल बांगडी महाग काऊन, असं मी विचारलं होतं लहानपणी. तुम्ही म्हणाले, लाल काचेत सोनं राहते. मी साऱ्या फुटक्या लाल बांगड्या खलबत्त्यात कुटून पाह्यल्या होत्या. अम्मीनं मले धुतलं होतं.”

“ते गिऱ्हाईकाले सांगाची गोठ होती, बेटा.”

“मले काय ठाऊक? मी त खरी समजली.” मग ती म्हणाली, “अन् जुन्या काचेत राहत होतं खरंच. मागून वाचलं मी.”

सरफराज खो खो हसत सुटला. सादिकभाईंना मात्र हसू येईना. गिऱ्हाईक पटवायला मारलेली एक थाप, आणि त्यावर एका पोरीचं अख्खं आयुष्य उभं राहिलं. त्यांना एकाच वेळी ओशाळल्यासारखंही झालं आणि छाती भरूनही आली. तेवढ्यात ब्लेडखाली बारीक कट्ट आवाज झाला. सरफराजनं दोन पकडींनी टोकं धरून हळूच फाकवली. अंगठी सुटून सादिकभाईंच्या तळहातावर पडली.

सगळे नखाकडे बघत होते. नख हळूहळू गुलाबी झालं, तेव्हा कुठे जाहिदनं श्वास सोडला. अख्तरीबींनी वाकडी झालेली अंगठी उचलली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि म्हणाल्या, “निकाहाले नवीन कडी जोडून घालू. तवापर्यंत बोट रिकामं राहू दे. कोणी विचारलं त मी सांगतो, आमच्या सुनेच्या चंद्राले सोनं चालत नाई.”

तबस्सुम चहा टाकायला उठली, आणि अख्तरीबीही तिच्या मागे गेल्या. थोड्याच वेळात, सादिकभाईंनी आजवर काय काय ‘आठवून’ केलं आहे, याची यादी चुलीपाशी दोघी मिळून करू लागल्याचं ऐकू आलं.

सादिकभाई जागचे हलले नाहीत. पोरीचा हात अजून त्यांच्याच हातात होता. बोटाची सूज थोडी उतरली होती, तरी मधला सांधा उतरत नव्हता. त्यांनी अंगठ्यानं तो चाचपला. इकडून, मग तिकडून. आतलं हाड एका बाजूला चढलेलं होतं. त्यांनी तार वळली तेव्हा जो हात आठवला होता, त्यात हा सांधा नव्हता.

“हे काय हाय?”

शगुफ्तानं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी सोडला नाही. हातातून हात निसटू न देणं हा तर त्यांचा धंदाच होता.

“कवा मोडलं?”

“अहमदाबादले, दुसऱ्या वर्षी. लॅबचा दरवाजा भारी राहते, त्याच्यात आलं. पलस्तर होतं.”

“अन् घरी?”

“घरी नाई सांगतलं.”

“काऊन?”

“तुम्ही म्हणले असते, परत ये.”

ते खरं होतं. सादिकभाईंनी म्हटलंच असतं. दुसऱ्याच गाडीनं अहमदाबाद गाठून, हाताला धरून तिला घेऊन आले असते. जिल्ह्यातल्या हजार पोरींचे हात त्यांना डोळे मिटून ओळखू येत, कुणाचा हात बाळंतपणानंतर भरला, कुणाचा धानाच्या रोवणीनं रापला, सगळं. आपल्या पोरीचा हात मात्र त्यांनी ती घर सोडून गेली तेव्हापासून हातात धरलाच नव्हता. बांगडी घालत नाही म्हटल्यावर धरायचा कशाला? मोडलेल्या बोटाचं पलस्तर तिनं एकटीनं काढून घेतलं, आणि ते इथे आठवणीतल्या हाताला तार वळत बसले. त्यांना स्वतःची फार लाज वाटली, आणि पोरीची त्याहून जास्त माया आली.

शगुफ्ता वाट पाहत होती. इतक्या वर्षांनी का होईना, ‘परत ये’ हा शब्द आता येणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सादिकभाईंनी तिची बोटं एकेक करून मिटून पाहिली, उघडून पाहिली. डाव्या हाताचं ते एक बोट पुरतं मिटत नव्हतं.

“हे दुखंन उद्या-परवा,” ते म्हणाले. “ते मणी धराचे असतीन, त उजव्या हातानं धर.”

“हव, अब्बा.”

“अन् काच हाय ते, बेटा. जोर नको लावू.”